आगगाडीचे चाक आवरणारा ठोकळा

दर वर्षी घर्षणाचा धडा आला, की मी वर्गात एक प्रश्न टाकतो. "आगगाडीचे चाक पोलादाचे असते. धावते चाक आवरण्यासाठी त्याच्यावर एक ठोकळा दाबावा लागतो. हा ठोकळा तुम्ही कशाचा कराल?" वर्ग क्षणभर शांत होतो आणि मग कोणी तरी उठून सांगतो, "सर, सर्वांत कठीण पोलादाचा करावा. म्हणजे तो झिजणार नाही, वर्षानुवर्षे टिकेल." बाकीची मुले माना डोलावतात. उत्तर दिसायला सरळ आहे, पण ते चूक आहे. तसला ठोकळा लावलेली गाडी बोरघाटातून उतरणार असेल, तर तिच्यात कोणी बसू नये असेच मी म्हणेन. हे उत्तर का चुकते, आणि मग मजबूत ठोकळा म्हणायचे तरी कशाला, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे.

प्रथम हा ठोकळा असतो कुठे ते सांगतो. स्टेशनात मालगाडी उभी असली किंवा जुन्या धाटणीच्या निळ्या डब्यांची गाडी उभी असली, तर फलाटावरूनच चाकांकडे पाहा. चाकाला लागून, चाकाच्या गोलाईला बरोबर बसेल असा किंचित वाकलेला, साधारण दीड वीत लांबीचा एक ठोकळा दिसेल. रेल्वेचे कामगार त्याला ब्रेक ब्लॉक म्हणतात. पुस्तकांत ब्रेक शू हेही नाव आढळते. चालकाने ब्रेक लावला, की हवेच्या दाबाने डब्याखालचे दांडे सरकतात आणि हे ठोकळे चाकांवर दाबले जातात. चाकाचा जो पृष्ठभाग रुळावर चालतो त्यावरच ठोकळा घासतो. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्ट्याला आपण धाव म्हणतो. आगगाडीच्या चाकाच्या त्या भागालाही आज आपण धावच म्हणू.

बैलगाडीचे नाव निघालेच आहे, तर तिच्यापासूनच सुरुवात करू. भरलेली गाडी उताराला लागली, की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. मग गाडीवान काय करतो? दोरीने ताणून लाकडाचा एक ओंडका चाकाच्या धावेवर दाबतो. लाकूड करकरते, तापते, कधी त्यातून धूरही निघतो. दोनचार उतार झाले, की ओंडक्याला खाच पडते. गाडीवान तो काढून टाकतो आणि दुसरा बसवतो. धाव मात्र शाबूत राहते. ओंडका बाभळीच्या बुंध्यातून फुकट निघतो, पण धाव चढवायची तर लोहाराकडे जावे लागते, भट्टी पेटवावी लागते, पैसे मोजावे लागतात. म्हणून झिजायचेच असेल तर ओंडक्याने झिजावे, धावेने नव्हे. गाडीवानाचे हे शहाणपण आणि रेल्वेच्या इंजिनियराचे शहाणपण यांत मुळात काही फरक नाही. आरंभीच्या काळात आगगाडीच्या चाकांवरही लाकडाचेच ठोकळे दाबत असत. पुढे गाड्या जड झाल्या, वेग वाढला आणि लाकूड जळू लागले, तेव्हा बिडाचे ठोकळे आले.

आता गाडी थांबते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. ५० टन वजनाचा एक डबा ताशी १०० किलोमीटर वेगाने चालला आहे असे समजा. त्या वेगामुळे त्याच्या अंगी जी ऊर्जा असते, ती थांबताना नाहीशी होत नाही. ठोकळा आणि चाक एकमेकांवर घासून तिची उष्णता होते. हिशेब केला, तर ही उष्णता ६५ लिटर थंड पाण्याला, म्हणजे चारपाच घागरींना, उकळी आणण्याइतकी भरते. ही एका डब्याची गोष्ट. आणि ती सगळी उष्णता मिनिटाभरात आठ चाकांवर निघते. ब्रेकचा ठोकळा हा नुसता अडसर नाही. वेगाची उष्णता करणारी ती एक भट्टीच आहे.

घाटात तर याहून कठीण परीक्षा असते. आपल्या बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. लोणावळ्याहून कर्जतला येणारी गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली उतरते. तेथला तीव्र उतार ३७ फुटांना १ फूट असा आहे. रस्त्याच्या मानाने हा उतार काही फार नाही, पण पोलादी चाकाला आणि पोलादी रुळाला तो फारच आहे. १००० टनांची गाडी केवळ ठोकळे दाबून खाली आणायची म्हटली, तर सुमारे १५०० युनिट विजेइतकी उष्णता त्या चाकांवर निघेल. तेवढ्यात १८ हजार लिटर पाणी उकळेल. म्हणून घाटात सगळा भार ठोकळ्यांवर टाकत नाहीत. आजची विजेची इंजिने उतारावर आपल्या मोटारी जनित्रासारख्या चालवून गाडी आवरतात आणि झालेली वीज वरच्या तारेत परत देतात. उतरणाऱ्या गाड्यांना वेगाचे बंधन असते. ठरावीक ठिकाणी गाडी उभी करून ब्रेक धरतो की नाही हे पाहिले जाते. आणि एवढे करूनही गाडी सुटलीच, तर तिला चढावर वळवून थांबवणारे बाजूचे रूळ घालून ठेवलेले आहेत. ही सगळी तयारी कशासाठी? तापलेल्या ठोकळ्याचा भरवसा किती धरायचा हे माणसाने अनुभवाने ओळखले आहे, म्हणून.

हा अनुभव प्रयोगाने मोजून पाहणारे दोन गृहस्थ म्हणजे कॅप्टन डग्लस गाल्टन आणि जॉर्ज वेस्टिंगहाउस. १८७८ साली इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या लोहमार्गावर त्यांनी एक खास डबा चालवला. चाकावर ठोकळा किती जोराने दाबला जातो आणि तो चाकाला किती जोराने मागे ओढतो, हे नोंदवणारी यंत्रे त्या डब्यात होती. ठोकळे बिडाचे आणि चाके पोलादाची. त्यांना जे आढळले त्याने पुष्कळांच्या समजुतीला धक्का बसला. ताशी १० मैल वेग असताना ठोकळा १०० किलोच्या जोराने दाबला, तर तो चाकाला सुमारे २४ किलोच्या जोराने अडवतो. ताशी २० मैलांना हा आकडा १९ वर येतो, ४० मैलांना १४ वर, आणि ६० मैलांना अवघ्या ७ वर. म्हणजे वेग जितका जास्त, तितकी बिडाची पकड कमी! जेव्हा ब्रेकची सर्वांत जास्त गरज, नेमका तेव्हाच तो सैल. आणि गाडी थांबायला आली, की तोच ठोकळा एकदम घट्ट धरतो. बिडाच्या ठोकळ्यांच्या गाडीत बसलेल्यांना हे ठाऊक असेल. गाडी स्टेशनात अगदी थांबता थांबता एक हिसका बसतो आणि उभी माणसे पुढे झुकतात. तो हिसका या वाढत्या पकडीचा.

कोणी म्हणेल, मग वेगात असताना ठोकळा दुप्पट जोराने दाबावा. दाबावा खरा, पण दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की बिडाच्या ठोकळ्यावर दाब जसजसा वाढवावा, तसतशी त्याची पकड त्या प्रमाणात वाढत नाही. दुप्पट दाबाला दुप्पट पकड मिळत नाही, तिच्यापेक्षा कमी मिळते. म्हणून एकाच ठोकळ्यावर सारा जोर टाकण्यापेक्षा चाकाच्या दोन्ही अंगांना ठोकळे लावून दाब वाटून देणे बरे पडते. दुसरी अडचण मोठी आहे. गाडीला थांबवणारे बळ शेवटी रुळाकडून येते. कोरड्या रुळावर चाकाची पकड त्याच्यावरच्या भाराच्या पाव हिश्शाच्या आसपास असते. पावसाची बुरबुर झाली, पालापाचोळा चिरडून रूळ बुळबुळीत झाला, की ती एक दशांशावर किंवा त्याखालीही येते. ठोकळ्याने याहून जास्त जोराने चाक धरले, तर चाक फिरायचेच थांबते आणि जाम होऊन रुळावरून घसरत जाते. गाल्टनच्या प्रयोगांत दुसरी गोष्ट दिसली ती हीच: घसरणारे चाक फिरणाऱ्या चाकापेक्षा गाडीला कमी अडवते. चाक जाम झाले म्हणजे ब्रेक उत्तम लागला, हा निव्वळ गैरसमज आहे.

आणि घसरलेल्या चाकाचे काय होते? ज्या ठिकाणी ते रुळावर घासले तेथे ते सपाट होते. पुढे गाडी धावू लागली, की त्या चाकातून ठक् ठक् ठक् असा एकसारखा आवाज येतो. प्रत्येक फेऱ्याला रुळावर घणाचा घाव बसत असतो. यापेक्षाही वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या गावचा लोहार विळ्याला पाणी कसे पाजतो ते आठवा. विळा लालबुंद तापवतो आणि झटकन पाण्यात बुडवतो. धार कठीण होते, पण जास्त पाणी बसले तर ती ठिसूळ होऊन तुकडा उडतो. घसरणाऱ्या चाकावरचा तो रुपयाएवढा भाग क्षणात लाल होतो आणि भोवतालचे थंड पोलाद त्याची उष्णता ओढून घेते. चाकाला नको तेथे पाणी पाजले जाते. तो डाग कठीण आणि ठिसूळ होतो, मग त्यात तडा जातो आणि खपली निघते. चाकातला तडा खोल गेला तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

आता माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तराकडे वळू. कठीण पोलादाचा ठोकळा केला तर तो स्वतः झिजणार नाही, पण चाकाला झिजवील. त्याला चाकाची धाव खरवडली जाईल, जागोजागी तापून डाग पडतील. ठोकळा बदलायचा तर यार्डात दोन माणसे थोड्या वेळात बदलतात. चाक बदलायचे तर डबा उचलावा लागतो, चाकांची जोडी बाहेर काढावी लागते, कारखान्यात न्यावी लागते. म्हणून मजबूत ठोकळ्याची व्याख्याच निराळी करावी लागते. ठोकळा मजबूत कोणता? जो स्वतः झिजतो, पण बेताने झिजतो, आणि चाकाला जपतो. ज्याची पकड वेगात आणि संथ गतीत, तापल्यावर आणि भिजल्यावर, शक्य तितकी सारखी राहते. जो उन्हाळ्याच्या उष्णतेत आणि धक्क्यांत तुकडे होऊन खाली पडत नाही. आणि ज्याची भुकटी कामगाराच्या छातीत जाऊन त्याला आजारी पाडत नाही. या सगळ्या अटी एकदम पाळायच्या, म्हणून हे काम अवघड. एक गुण वाढवावा तर दुसरा हटकून कमी होतो.

बिडापासून सुरुवात करू. बीड म्हणजे ज्यात कर्ब पुष्कळ आहे असे ओतीव लोखंड. त्यातला बराचसा कर्ब ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. आपल्या शिसपेन्सिलीत असते तेच हे ग्राफाइट. त्यामुळे बिडाचा ठोकळा घासताना चाकाला ओरबाडत नाही, स्वतः भुकटी होऊन झिजतो आणि उष्णताही अंगात ओढून घेतो. पण साधे बीड फार लवकर झिजते आणि त्याच्या ठिणग्या उडतात. उन्हाळ्यात रुळाकडेच्या वाळल्या गवताला अशा ठिणगीने आग लागू शकते. यावर उपाय सापडला तो शेतकरी बंधूंच्या ओळखीचा आहे. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेले असते ना? त्यातले स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस. बिडात फॉस्फरसचे प्रमाण वाढवले, की बिडाच्या कणांभोवती एक कठीण जाळे तयार होते. ठोकळा कमी झिजतो, ठिणग्याही कमी उडतात. युरोपातल्या रेल्वेंनी १ टक्का, १.४ टक्के, अगदी ३ टक्क्यांपर्यंत फॉस्फरस घालून ठोकळे ओतले.

पण घातलेल्या प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागते. फॉस्फरस वाढला, की बीड ठिसूळ होते. धक्का बसला की ठोकळा मधोमध मोडेल आणि तुकडा रुळावर पडेल. म्हणून अशा ठोकळ्याच्या पाठीला पोलादाची पट्टी ओतून बसवतात. पुढचा भाग तडकला तरी पट्टी त्याला धरून ठेवते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी बिडाच्या पोटातच पोलादी जाळी ओतलेले ठोकळे निघाले होते. आपण स्लॅब घालताना सिमेंटात लोखंडी सळ्या घालतो, तशातलाच हा प्रकार. पाहा, येथे मजबुतीची दोन कामे दोन जिनसांना वाटून दिली आहेत. घासण्याचे काम बिडाचे, तुटू न देण्याचे काम पोलादाचे. दोन्ही कामे एकाच धातूकडून करून घेण्याचा हट्ट सोडला, तेव्हा वाट सापडली.

बिडानंतरची पायरी म्हणजे मिश्र ठोकळा. यात धातू ओतत नाहीत. कृत्रिम राळ, रबर, निरनिराळे धागे, ग्राफाइट, लोखंडाची भुकटी अशा जिनसा मोजून मिसळतात. ते मिश्रण साच्यात घालून तापवतात, दाबतात आणि पोलादी पाठीवर बसवतात. हा ठोकळा बिडाच्या ठोकळ्याच्या निम्म्याहून हलका असतो. दिवसभर वाकून ठोकळे बदलणाऱ्या कामगाराला विचारा, म्हणजे याची किंमत कळेल. त्याचा दुसरा गुण अधिक मोलाचा. वेग वाढला म्हणून त्याची पकड बिडासारखी ढिली पडत नाही; बहुतेक सर्व वेगांत ती जवळजवळ सारखी राहते. शेवटचा हिसकाही त्यामुळे कमी होतो. शिवाय बिडाने चाकाची धाव खडबडीत होते आणि खडबडीत चाक रुळावर मोठा खडखडाट करते. मिश्र ठोकळ्याने धाव गुळगुळीत राहते. युरोपात मालगाड्यांच्या रात्रीच्या आवाजाने लोक इतके त्रासले, की जर्मनीने डिसेंबर २०२० पासून असा गोंगाट करणाऱ्या वाघिणींना बंदी घातली. तेथे हजारो वाघिणींचे बिडाचे ठोकळे काढून मिश्र ठोकळे बसवावे लागले.

मग सगळे प्रश्न सुटले का? नाही. पूर्वी या मिश्रणात ॲस्बेस्टॉसचे धागे घालत असत. ते उष्णतेला दाद देत नाहीत म्हणून इंजिनियर खूश होते. पण त्याची बारीक धूळ फुप्फुसात गेली, की कालांतराने जीवघेणे आजार होतात हे सिद्ध झाले. म्हणून ते धागे काढून दुसरे घालावे लागले. आपल्या रेल्वेतही आता ॲस्बेस्टॉस नसलेले ठोकळे आहेत. म्हणून म्हटले, की कामगाराची छाती हीदेखील मजबुतीच्या हिशेबात धरली पाहिजे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. बीड स्वतः बरीच उष्णता शोषून घेते. मिश्र ठोकळा उष्णतेचा वाईट वाहक, लाकडी मुठीसारखा. तो आपल्या वाट्याची उष्णता घेत नाही, म्हणून जवळजवळ सगळी चाकाला सोसावी लागते. चाकाची कड तापते, फुगू पाहते, निवताना आखडते आणि पोलादात ताण राहून जातो. हाच ताण पुढे तड्यांना वाट करून देतो. म्हणून मिश्र ठोकळा आणला, की चाकाचा आराखडाही बदलावा लागतो. कड आणि मध्य यांना जोडणारी पोलादाची तबकडी सरळ न ठेवता वळणदार केली, तर चाक तापल्यावर तिला थोडे हलायला जागा मिळते. ठोकळ्याचेही तसेच. तापला की तो वाकतो आणि फक्त मध्यावरच टेकतो. सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतो. म्हणून त्याला मधोमध खाच ठेवतात.

तिसरा प्रश्न घरभेद्याचा आहे. कधी कधी चाकाच्याच धातूचा एखादा कण उचलला जातो, मिश्र ठोकळ्याच्या मऊ अंगात रुततो आणि तेथे बसून चाकालाच चरू लागतो. थोड्याच दिवसांत धावेवर चर पडतात. आणि चौथा प्रश्न पाण्याचा. चिंब पावसात किंवा थंड देशांत बर्फ साचल्यावर काही मिश्र ठोकळ्यांची पकड कमी होते. म्हणून नवा ठोकळा कागदावर कितीही चांगला ठरला, तरी तो लगेच गाडीला लावत नाहीत. मोठ्या यंत्रावर खरे चाक फिरवून त्याच्यावर तो दाबतात. कोरडा दाबतात, पाणी शिंपडून दाबतात, घाटातल्यासारखा बराच वेळ सलग दाबून ठेवतात, आणि दर वेळी पकड, उष्णता आणि झीज मोजतात. आपल्याकडे अशा ठोकळ्यांचे निकष रेल्वेची लखनौ येथील संशोधन संस्था ठरवते. ही संस्था १९५७ साली स्थापन झाली.

नव्या एलएचबी डब्यांत चाकाच्या धावेवर ठोकळा दाबतच नाहीत. चाकांना जोडणाऱ्या आसावर निराळ्या चकत्या बसवलेल्या असतात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. झीज आणि उष्णता चकतीने सोसायची, चाकाने फक्त धावायचे. चेन्नईच्या कारखान्याने जुन्या धाटणीचे डबे बांधणे २०१८ मध्ये थांबवले. तरी मालवाघिणींमध्ये ठोकळ्याचेच राज्य आहे. आपला गहू, कोळसा, सिमेंट, खत हे सारे त्या ठोकळ्यांच्या भरवशावर घाट उतरते.

ठोकळा कितीही चांगला केला, तरी त्याला दाबणारा हात भरवशाचा हवा. हे जगाने फार मोठी किंमत देऊन शिकले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा या गावाजवळ मुलांच्या सहलीची एक गाडी चढावर अडली. पुढचे डबे आधी नेऊन ठेवावेत म्हणून गाडी मधून तोडली. त्या काळच्या तिच्या ब्रेकची रचना अशी होती, की डबे इंजिनापासून सुटले म्हणजे ब्रेकही सुटे. मागच्या दहा डब्यांना धरून राहिला एका डब्याचा हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले धोंडे. आपण बैलगाडीला लावतो तसेच. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, धक्का बसला, धोंडे चिरडले आणि ते डबे उतारावरून मागे सुटले. मागून येणाऱ्या गाडीवर ते आदळले. ८० माणसे गेली. त्यांत कितीतरी मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला, की उतारूंच्या प्रत्येक गाडीचा ब्रेक सर्व डब्यांना एकदम लागणारा हवा आणि गाडी तुटली तर तो आपोआप लागला पाहिजे. आज आपल्या गाडीतली हवेची नळी तुटली तर ब्रेक सुटत नाही, लागतो. त्यामागे त्या मुलांचे प्राण आहेत.

आता तुमच्या-माझ्या उपयोगाचे दोन शब्द. कधी कधी ब्रेक सोडला तरी एखाद्या चाकावर तो चिकटून राहतो. मग चाक तापते, धूर येतो, जळका वास सुटतो, ठिणग्या दिसतात. अशी गाडी तुमच्या शेताजवळून जाताना दिसली, तर फाटकवाल्याला किंवा जवळच्या स्टेशन मास्तरांना तत्काळ सांगा. चाक कोणते, मागून कितवा डबा, हे सांगता आले तर फारच उत्तम. आणि तुम्ही स्वतः गाडीत असाल, तर धूर दिसला म्हणून भलत्या बाजूला उडी टाकू नका. २२ जानेवारी २०२५ रोजी आपल्या जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली आणि घाबरलेली माणसे शेजारच्या रुळांवर उतरली. तेवढ्यात समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. दहाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. आग लागलेलीच नव्हती. चाकाजवळचा धूर हा पुष्कळदा नुसता तापलेल्या ब्रेकचा असतो, एवढे ज्ञान डब्यात चार जणांना असले, तरी ते बाकीच्यांना थोपवून धरू शकतात.

शिक्षक बंधुभगिनींनी हा धडा फळ्यावर न शिकवता अंगणात शिकवावा. एक सायकल उलटी उभी करा. एका लाकडी पट्टीचे एक टोक खिळ्याने अडकवा, दुसऱ्या टोकाला अर्ध्या किलोचे वजन टांगा आणि पट्टीच्या मध्यावर जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा बांधून तो मागच्या चाकाच्या लोखंडी कडेवर टेकेल असे करा. पट्टी उचलून धरा, पेडल दर वेळी सारख्या गतीने दहा वेळा फिरवा, मग पट्टी सोडा. चाकावर खडूची खूण करून थांबेपर्यंत किती फेरे होतात ते मुलांना मोजू द्या. मग रबराऐवजी लाकूड लावा, कातडे लावा, लोखंडाचा गुळगुळीत तुकडा लावा. पुन्हा सगळे चाक ओले करून पाहा. कोण लवकर थांबवतो, कोण पाण्यात दगा देतो, कोण झिजतो आणि कोण चाकाला ओरखडे पाडतो, याचा तक्ता मुलांनीच करावा. आऱ्यांत कोणाची बोटे जाणार नाहीत एवढी काळजी मात्र घ्या.

तक्ता पुरा झाला, की मुलांना माझा तोच प्रश्न विचारा. आगगाडीचा ठोकळा कशाचा करावा? या वेळी "सर्वांत कठीण पोलादाचा" असे उत्तर येणार नाही. एखादा मुलगा कदाचित उलट तुम्हालाच विचारील, "गुरुजी, गाडी घाटातली की सपाटीवरची? कोरड्यातली की पावसातली? आणि तिचे चाक कसले आहे?" असे झाले, तर तो धडा त्याला समजला असे खुशाल समजा.